पातळ तेल

माझे यजमान विहिरीवर बसवायची ऑइल इंजिनं विकत. दुकान पुण्यात होतं, दुसऱ्याच्या मालकीचं, आणि हे तिथे नोकरीला. पण दुकानात बसणं असं नव्हतंच. इंजिन विकायचं, शेतकऱ्याच्या मळ्यावर नेऊन बसवून द्यायचं, पुढे बिघडलं की जाऊन दुरुस्त करायचं, हे सगळं त्यांच्याकडे. या फिरतीसाठी त्यांनी एका निवृत्त साहेबाची जुनी विलायती मोटार घेतली. लहानशी, काळी, दारांचा रंग उडालेली. आमच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. भाऊबंदांत कुणाकडे मोटार नव्हती. माझ्या माहेरी उरवड्यात तर मोटार दारात उभी राहणं ही सगळ्या गावाची गोष्ट होती.

त्या मोटारीतून पहिल्यांदा माहेरी गेलो ते भाऊबीजेला. जाताना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मात्र गाडी सुरू होईना. दिवाळीची थंडी होती, रात्रभर गाडी उघड्यावर उभी होती. यांनी हँडल घालून फिरवायला सुरुवात केली. फिरवून फिरवून सदरा पाठीला चिकटला. आम्हाला पोचवायला म्हणून आलेली माणसं आता नुसती बघत उभी राहिली. शेवटी माझ्या भावाने चारजण गोळा केले आणि ढकलत ढकलत गाडी गावाबाहेर आणली. माझी आत्या दारातून म्हणाली, "बैल जुपा की रं कुनीतरी." सगळे हसले. हेही हसले. मी गाडीत बसून होते, मला हसता आलं नाही. गाडी सुरू होऊन पिरंगुटाला लागली तरी ते हसणं माझ्या कानांतून जाईना.

वाटेत यांनी मला कारण सांगितलं. गाडीत चाळीस नंबरचं तेल होतं. नंबर जितका मोठा तितकं तेल दाट. इंजिन जुनं, आतली झीज झालेली, म्हणून त्याला दाट तेल बरं. पण थंडीत ते मधासारखं घट्ट होतं आणि इंजिन जड फिरतं. त्यात बॅटरी म्हातारी. "थंडीपुरतं पातळ घालतो," म्हणाले, आणि पुण्याला गेल्यावर वीस नंबरचं घातलंही. हिवाळाभर गाडी पहिल्या झटक्याला सुरू होत होती.

उन्हाळा लागता लागता वडील पुण्याला आले. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. मुलगी भूगावची. म्हणजे पिरंगुटाचा घाट ओलांडला की पलीकडे. वऱ्हाड बैलगाड्यांतून सकाळीच जाणार, पण नवरदेव जावयाच्या मोटारीतून जाणार, असं वडिलांनी व्याह्यांना सांगूनही टाकलं होतं. यांना विचारायच्या आधीच. हे म्हणाले, "त्यात काय विचारायचं." वडील खूश होऊन गेले.

मी मात्र धास्तावले. करवली मी होते. दोन गावांची माणसं जमणार, आत्या असणार, आणि नवरदेव आत बसल्यावर गाडी बोललीच नाही तर? नवरदेवाला खाली उतरवून ढकलायला लावायचं? रोज काम करताना मला तेच दिसायचं.

लग्नाच्या आधी गाडीचं तेल बदलायचं होतं. रविवारी सकाळी यांनी गाडीखाली परात सरकवली, जुनं तेल गळायला सोडलं आणि चाळीसचा डबा काढला. मी दारात उभी होते. म्हटलं, वीसचंच घाला ना, त्याने गाडी नीट सुरू होते.

त्यांनी मला शांतपणे समजावलं. हिवाळ्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात तेल मुळातच पातळ होतं, चाळीसचंसुद्धा. तेव्हा सुरू व्हायची अडचण येणारच नाही. उलट वीसचं घातलं तर तापल्यावर त्याचं पाणी होईल, दोन लोखंडांच्या मध्ये ते टिकणार नाही आणि लोखंड लोखंडावर घासेल. त्यातून घाट, भर उन्हाची वेळ, भरलेली गाडी.

मला हे सगळं कळलं होतं. मी सातवी पास झालेली होते आणि दिवसातून चार वेळा चुलीवर तेल तापवत होते. कळलं नाही म्हणून मी हट्ट केला असं म्हणायला मला जागा नाही. गाडीबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक होतं, त्यातला तेलाचा तक्ता मी काढून दाखवला. त्यात उन्हाळ्याच्या पुढेही वीसच छापलेलं होतं. ते म्हणाले, "अगं, ते त्यांच्याकडच्या उन्हाळ्याचं. तिथे लोक ऊन पडलं की मुद्दाम बाहेर जाऊन बसतात."

मग मी बोलायचं सोडलं. ते परात बाजूला करत होते तेव्हा मात्र तोंडातून गेलं, "तुमचं काय जातंय? माहेर माझं आहे. तुम्ही त्या दिवशीही हसतच होता."

त्यांनी तेलकट हात चिंधीला पुसले. मग चाळीसचा डबा उचलून जागेवर ठेवला आणि वीसचा आणला. ओतताना एवढंच म्हणाले, "इतकं लागलंय मनाला, तर घालू हे."

मला त्या वेळी जिंकल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या दिवशी गोरज मुहूर्त होता. दुपारचं ऊन थोडं कलल्यावर आम्ही उरवड्यातून निघालो. पुढे हे आणि नवरदेव, मागे वडील, आत्या आणि मी. माझ्या मांडीवर कऱ्हा, पायांशी नवरीच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची ट्रंक. भावाच्या डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, घामाने काजळ उतरलेलं. गाव भोवती उभं होतं. यांनी बटण दाबलं आणि गाडी त्याच क्षणी सुरू झाली. मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "आज बरी शानी झालीया." माझं सगळं समाधान त्या एका वाक्यात होतं. ते पिरंगुटापर्यंत टिकलं.

घाट लागला. घाट फार मोठा नाही, पण त्या वेळी रस्ता अरुंद आणि खडीचा होता आणि पाच माणसं व ट्रंक घेऊन गाडी पहिल्या गियरमध्येच चढत होती. खालून पायांना झळ लागत होती. यांच्यासमोर तेलाच्या दाबाचा काटा होता. मला मागून दिसत होतं, हे रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. एकदा त्यांनी काचेवर टिचकी मारली. मग म्हणाले, "जरा थांबून गार होऊ देऊ."

वडील मुहूर्ताच्या काळजीत होते, पण ते काही बोलले नाहीत. बोलले ती मी. म्हटलं, "आता इथे नको, वर गेल्यावर थांबा, मुहूर्त चुकेल." मुहूर्ताला वेळ होता. खरं कारण वेगळंच होतं. पुढच्या वळणावर खडी फोडणाऱ्या बायका झाडाच्या सावलीला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर वऱ्हाडाची गाडी वाफा सोडत उभी राहायला मला नको होती. ज्या बायकांना मी ओळखत नव्हते आणि ज्या मला पुन्हा कधी दिसणार नव्हत्या, त्यांची मला लाज वाटली.

यांनी गाडी थांबवली नाही. वळण गेलं आणि इंजिनातून ठकठक सुरू झाली. आधी हलकी, मग कुणी आतून हातोडा मारावा तशी. यांनी लगेच गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला. झाकण उघडून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"बेअरिंग गेलं," ते वडिलांना म्हणाले. "आता ही इथून हलणार नाही. माझी चूक झाली मामा. तेल पातळ पडलं."

वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "असू द्या, असू द्या." पण त्यांचा चेहरा उतरला होता. भाऊ फेटा सांभाळत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आत्या ट्रंकेवर बसली. मी तोंड उघडलं नाही. यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते बघत नाहीत हे मला बरं वाटलं.

बऱ्याच वेळाने खालून पेंढ्याचा ट्रक आला. पुण्याकडे चाललेला, वर पेंढा इतका रचलेला की ट्रक डोलत होता. यांनी हात करून थांबवला. ड्रायव्हरने नवरदेव बघितला आणि काही न विचारता आपल्या शेजारची माणसं मागे पेंढ्यावर पाठवली. वडील, भाऊ आणि आत्या पुढे कसेबसे बसले. मला जागा उरली नाही. यांनी मला हात देऊन वर पेंढ्यावर चढवलं, ट्रंक दिली, कऱ्हा दिला. खाली एकटे उभे राहिले. गाडी टाकून यायचं नव्हतं, आत सामान होतं आणि गाडी अर्ध्या रस्त्यात. मी वरून म्हटलं, "तुम्ही जेवणार काय?" त्यांनी हाताने जा अशी खूण केली.

भूगावात वाजंत्री मोटारीची वाट बघत वेशीवर उभी होती. ट्रक आला तेव्हा ती वाजवायची थांबली. आधी पेंढ्यावरून मी उतरले, नऊवारीचा काष्टा सावरत, अंगभर काड्या. मग नवरदेव. पोरं ओरडत ट्रकभोवती पळायला लागली. नवरीकडची एक म्हातारी कुणाला तरी विचारत होती, "ह्योच नवरा व्हय? मोटार कुटं हाय?" मला मान वर करवेना. करवली म्हणून मी भावाच्या मागे चालत होते आणि माझ्या अंबाड्यातून पेंढा गळत होता.

लग्न मुहूर्तावर लागलं. अक्षता पडल्या. जो तो जावईबापू कुठे म्हणून विचारत होता आणि आत्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती.

पंगती उठल्यावर दोन्हीकडची मोठी माणसं मांडवात बसली. व्याही स्वभावाने वाईट नव्हते, पण बोलायला सडेतोड. त्यांनी गेल्या साली दुसऱ्या दुकानातून इंजिन घेतलं होतं. ते वडिलांना म्हणाले, "पावनं, तुमचं जावई इंजिनं इकत्यात न्हवं? आन् सोताच्या गाडीला कुटलं त्याल घालावं ते कळंना व्हय?"

दोन-चारजण हसले. वडील जमिनीकडे बघायला लागले. वडिलांना तसं बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी बायकांत बसले होते. तिथून उठले आणि पुढे जाऊन म्हटलं, "त्यांना कळतं. ते दाटच तेल घालत होते. मी हट्ट केला म्हणून त्यांनी पातळ घातलं. घाटातही ते थांबत होते, मी थांबू दिलं नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे."

मला वाटलं, आता सगळे मला बोलतील. बोलावं असंच वाटत होतं. मी पदर घट्ट धरून उभी राहिले.

विहीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. शेजारणीला म्हणाल्या, "बगा. नवऱ्यावर बोट येऊ दिलं न्हाई पोरीनं."

व्याह्यांचाही आवाज खाली आला. त्यांनी वडिलांना सांगितलं, की लेकीला चांगलं वळण लावलंय, चुकलं आमचं, आम्ही असं बोलायला नको होतं. मी पुन्हा म्हटलं, की हे खरं आहे, मी नवऱ्यासाठी बोलत नाही. त्यावर माणसं आणखीच मानेनं व्हय व्हय करू लागली. बाईमाणसाला मोटारीच्या तेलातलं काय कळणार, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. वडिलांनी मान वर केली होती. त्यांच्या तोंडावरचा अभिमान बघून माझ्याने पुढे बोलवलं नाही. आत्यासुद्धा माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मानपानाची लुगडी दिली, तेव्हा विहीणबाईंनी माझ्यासाठी काढलेलं लुगडं बाजूला ठेवून त्यांच्या स्वतःच्या पेटीतलं रेशमी मला दिलं. नाही म्हणणं हा त्यांचा अपमान झाला असता. मी ते घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

मग व्याह्यांनी बैलांची एक जोडी दिली आणि आम्ही घाटात गेलो. हे गाडीच्या पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, कपडे धुळीचे. खडी फोडणाऱ्या बायकांनी त्यांना भाकरी आणि ठेचा आणून दिला होता, असं त्यांनी सांगितलं. मी कुठेतरी बघत राहिले.

बैल जोडून गाडी घाटातून वर काढली आणि तशीच भूगावातून पुण्याच्या रस्त्याला लावली. बैलांच्या मागे मोटार, मोटारीत चाक धरून हे, शेजारी मी नवं रेशमी लुगडं मांडीवर घेऊन. दोन्ही बाजूंना माणसं उभी. कुणी यांच्याकडे बघून हसत होतं आणि माझ्याकडे बघून मान डोलवत होतं.

मी त्यांना रात्रीचं सगळं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही हेही सांगितलं. ते आधी हसले. म्हणाले, "तेल माझ्या हातांनी ओतलं. तू काय डबा धरून मागे लागली होतीस?" मी म्हटलं, लागलेच होते. ते म्हणाले, "मला माहीत असून मी ओतलं. मग ते माझंच."

इंजिन उघडून नवीन बेअरिंग बसवायला पावसाळा उजाडला. चाळीसचं तेल घातलं. गाडी पुढे पुष्कळ वर्षं चालली. पण दुसरं एक बिघडलं होतं ते मला उशिरा कळलं. मुळशीच्या बाजूला जे लोक यांच्याकडून इंजिन घ्यायचं म्हणत होते, ते एकेक करून मागे सरायला लागले. तोंडावर कुणी काही म्हणत नसे. पण लग्नातली गोष्ट बैलगाड्यांतून गावोगाव गेली होती. ज्याचं स्वतःचं इंजिन तेलापायी मेलं, त्याच्या हातून विहिरीवर इंजिन कोण बसवून घेणार?

नांद्यातला एक बागाइतदार यांचा जुना ओळखीचा. त्याने इंजिन घ्यायचं पक्कं केलं होतं. त्याच्याकडे जाताना यांनी मलाही नेलं, त्याची बायको मला कधीची बोलावत होती. चहा झाला. मग तो आढेवेढे घेत म्हणाला, की यंदा राहू द्या, पुढच्या साली बघू. विहिरीच्या कडेला इंजिनासाठी बांधलेला ओटा तयार दिसत होता. त्यावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. डबा कोणता होता, पुस्तक कोणी काढलं, मी काय बोलले, घाटात काय झालं. मांडवात सांगितलं त्यापेक्षा जास्त तपशिलाने सांगितलं. मला वाटलं, एवढं बारीक सांगितल्यावर तरी पटेल. हे मध्ये एकदा माझं नाव घेऊन थांबले, पण मी थांबले नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग नजर न उचलता म्हणाला, "वैनी, तुमी बायकू हाय. तुमी म्हननारच."

परतीच्या वाटेवर गाव मागे पडल्यावर यांनी गाडी बाजूला घेऊन उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मला वाटलं, काही बिघडलं. ते समोर बघत म्हणाले, "तुला एक मागतो. हे आता कुणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "पण खरं तेच आहे."

"आहे. पण तू सांगतेस तेव्हा लोकांना काय दिसतं माहीत आहे? मी चूक केली आणि वर बायकोच्या पदराआड जाऊन बसलो, असं दिसतं. तेलाचं कळत नाही हे एक वेळ चालेल. दुसरं मला सोसवत नाही."

ते रागाने बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते विनवणी करत होते. मी हो म्हटलं. त्यांनी गियर टाकला आणि आम्ही निघालो.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, की मी निदान खरं तरी बोलते आहे. मांडवात उठून उभी राहिले, त्याचा आत कुठेतरी मला गर्वही होता. तो नांद्याच्या रस्त्यावर उतरला. मी खरं बोलत होते ते मला हलकं वाटावं म्हणून, आणि त्याचं ओझं पुन्हा त्यांच्याच डोक्यावर जात होतं. पहिल्यांदा तेल घालायला लावलं तेही माझी लाज वाचवायला, आणि नंतर कबूल करत सुटले तेही त्यासाठीच.

मुळशीत त्यांचा जम पुन्हा बसायला काही हंगाम जावे लागले. ते विनामोबदला लोकांची बिघडलेली इंजिनं बघायला जात, आणि तशीच एकेक गाव त्यांनी परत मिळवलं. नांद्याच्या बागाइतदाराने शेवटी दुसऱ्या विहिरीसाठी त्यांच्याकडूनच इंजिन घेतलं. या सगळ्यात त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

माझी भावजय, तीच त्या लग्नातली नवरी, पुढे सुनांना ती गोष्ट सांगायची. नवऱ्याची लाज कशी राखावी ते आमच्या वन्संकडून शिका, म्हणायची. मी तिथेच बसलेली असायची, हे बाहेर भावाशी बोलत असायचे. शब्द दिलेला होता. मी खाली बघून तांदूळ निवडत राहायची, आणि भावजय सुनांना म्हणायची, बघा, स्वतःचं कौतुकसुद्धा त्यांना ऐकवत नाही.